मिनिटे मागू नका, माणूस मागा

गेल्या श्रावणात आमच्या गल्लीत सह्यांचा एक कागद फिरत होता. आपल्या भागात ऐकू येणाऱ्या एका नभोवाणी केंद्रावर रोज अर्धा तास मराठी कार्यक्रम व्हावेत, अशी त्यात मागणी होती. कागद घेऊन आलेली मुले ओळखीची, मागणी न्याय्य, वर आमच्याच घरी चहा झालेला. तरी मी सही केली नाही. त्यांच्यातला एक जण जाता जाता दारातच म्हणाला, "काका, तुम्ही मराठीचे की आणखी कुणाचे?" त्या पोराचा राग मला समजतो. त्याच्या वयात मीही असल्या कागदांवर सह्या केल्या आहेत, दारोदार फिरून गोळाही केल्या आहेत. पण साठी ओलांडल्यावर त्या सह्यांतून आपल्या पदरात काय पडले, याचा हिशेब एकदा मांडायलाच हवा. हा लेख म्हणजे त्या न केलेल्या सहीचा जाहीर खुलासा समजावा.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपण सीमाभागातले मराठी लोक नभोवाणीकडे आजवर मिनिटे मागत आलो. पंधरा मिनिटे मागितली, अर्धा तास मागितला, सणावाराला तासभर मागितला. ती मिनिटे कुणाच्या हाती पडणार, हे मात्र कधी विचारले नाही. रान मागावे आणि ते कसणार कोण याची चौकशी करू नये, तसला हा प्रकार. नभोवाणी केंद्रात एक खुर्ची असते. तिला कुठे केंद्र संचालक म्हणतात, कुठे कार्यक्रम अधिकारी, खाजगी एफएमवाले कार्यक्रम प्रमुख म्हणतात. आज काय वाजणार, उद्या कुणाला बोलवायचे, कुणाला किती वेळ द्यायचा, हे त्या खुर्चीत ठरते. तिथे कानाचा माणूस बसला असेल तर दहा मिनिटांचे सोने होते. नसेल तर चोवीस तास मराठी लावा, पाल चुकचुकावी तितकीच त्याची किंमत.

हे मी ऐकीव सांगत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका केंद्रावर मला कथा वाचायला बोलावले होते. केंद्राचे नाव घेत नाही, कारण दोष एकट्या त्या केंद्राचा नाही. करारपत्र आले, त्यावर मिनिटे लिहिलेली होती: चौदा. मी घरी घड्याळ लावून आठ दिवस तालीम केली, दोन परिच्छेद कापले, नवा सदरा घालून गेलो. लाल दिवा लागला, वाचन सुरू झाले, आणि पाचव्या क्रमांकाचे पान चौथ्याला चिकटून राहिले. चौथ्या पानावर कथेतला म्हातारा सुनेशी भांडून एस. टी.त बसला, आणि पुढच्याच वाक्यात त्याच्या तेराव्याच्या पंक्तीला वाढप सुरू झाले. मधले मरण माझ्या बोटात अडकले होते. माझे मला कळले तेव्हा घामच फुटला. काचेपलीकडे अधिकारी फोनवर कुणाशी तरी रजेविषयी बोलत होते. बाहेर आल्यावर मी ओशाळून म्हणालो, "साहेब, एक पान राहिले, पुन्हा घेऊ या का?" त्यांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "वेळेत बसली ना? मग झाले." ती कथा तशीच प्रसारित झाली. मानधनाचा चेक आला. एकाही श्रोत्याचे पत्र आले नाही, आणि आले असते तरी ते कुणी उघडले असते असे मला वाटत नाही. त्या दिवशी मराठीची चौदा मिनिटे मात्र कागदोपत्री भरली.

आता उलटे उदाहरण घ्या, आणि तेही आपल्या प्रत्येकाच्या घरात पोचलेले. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. दोनच वर्षांनी तिथल्या सीताकांत लाडांनी ग. दि. माडगूळकरांपुढे एक कल्पना मांडली. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, 'गीतरामायणा'चे पहिले गीत प्रसारित झाले. दर आठवड्याला नवे गीत, असे वर्षभर. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून बावन्नाची छप्पन्न गीते झाली, आणि १९ एप्रिल १९५६ला, पुढच्या रामनवमीला, शेवटचे गीत झाले. आपण गदिमांचे नाव घेतो, सुधीर फडक्यांचे घेतो, माणिक वर्मा आणि वसंतराव देशपांड्यांचे घेतो, आणि ते घ्यायलाच हवे. लाडांचे नाव विचारले की बहुतेक जण गप्प बसतात. त्यांनी एक ओळ लिहिली नाही, एका गीताला चाल लावली नाही. मग त्यांनी केले काय?

त्यांनी मागितले. एका कवीला आणि एका संगीतकाराला त्यांनी वर्षभराचे वचन मागितले, आणि आपल्या बाजूने वर्षभराची वेळ बांधून दिली. पहिल्या गीताचा कागद ऐन वेळी हरवला तेव्हा लाडांनी माडगूळकरांना खोलीत बसवून ते गीत नव्याने लिहून घेतले, अशी आठवण सांगतात. दर आठवड्याला लिहिणे, चाल बांधणे, गायक-वादक गोळा करणे, ध्वनिमुद्रण करणे, आणि एकही आठवडा चुकू न देणे, हा व्याप कुणी तरी शिरावर घेतल्याशिवाय उभा राहत नाही. एखादे गीत पडले असते, मध्येच कवी आजारी पडला असता, वरून खुलासा मागणारे पत्र आले असते, तर उत्तर द्यायला तोच माणूस उभा राहणार होता. कार्यक्रम संचालकाचे काम हेच. आपल्याला जे करता येत नाही ते ज्याला येते त्याला हुडकायचे, त्याच्याकडून हक्काने मागायचे, आणि त्याच्या कामाची जोखीम स्वतः घ्यायची. चौदा मिनिटे वेळेत बसवणारा अधिकारी आणि छप्पन्न गीते उभी करणारा अधिकारी यांच्या खुर्च्या एकाच लाकडाच्या असतात, बसणाऱ्यांत फरक असतो.

त्या काळी नभोवाणीच्या दालनांत असे लोक येऊन बसत. बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीच्या नोकरीत होते. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम पाहत. पु. ल. देशपांडे आपल्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवून गेले आणि पुढे आकाशवाणीत आले. म्हणजे प्रत्येक केंद्रावर एकेक लेखक नेमा, असे मी म्हणत नाही. स्वतःचीच नाटके नि स्वतःच्याच कविता लावणारा लेखक खुर्चीत बसला तर रजेच्या फोनवर बोलणारा अधिकारी परवडला. लेखकपण दुय्यम आहे. दुसऱ्याचे ऐकण्याची हौस ही खरी पात्रता.

इथे मला आमच्या घरातल्या रेडिओची आठवण येते. माळ्याखालच्या फळीवर तो असे. सांगली, पणजी आणि धारवाड अशी तीन ठिकाणे त्याच्या काट्याला पाठ झाली होती. सांगली केंद्र १९६३चे, पणजीचे केंद्र गोवामुक्तीनंतर आकाशवाणीत आलेले, आणि धारवाड १९५० सालचे. संध्याकाळी धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूरांचे वचनगायन लागले की आजी स्वयंपाकघरातून विचारायची, "काय ऐकूलास रे?" आणि उत्तर ऐकायच्या आतच हात पुसत येऊन उंबऱ्यावर बसायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. कानडी ती बाजारात आणि शेजारणीकडे शिकली होती. त्या गाण्याची भाषा कोणती, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

त्या धारवाड केंद्राची गोष्ट आपल्या लोकांनी नीट ऐकावी. तिथे संगीताचे सल्लागार होते मन्सूर. त्यांची तालीम मिरजेला नीळकंठबुवांकडे झालेली, पुढची अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांच्याकडे. आणि १९५६पासून साहित्याचे सल्लागार होते द. रा. बेंद्रे. कानडीचे हे वरकवी घरी मराठी बोलत. सोलापूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात त्यांनी बरीच वर्षे कानडी शिकवले होते, आणि मराठीतही त्यांनी पुस्तक लिहिले. ज्या केंद्राला आपण सरसकट 'त्यांचे' म्हणत होतो, त्या केंद्राच्या आत असे दोन कान बसले होते. दुभाषी जिल्ह्याला काय लागते याचा हा वस्तुपाठ आहे. एका भाषेत दळणारा आणि दुसरीकडे संशयाने पाहणारा अधिकारी इथे उपयोगाचा नाही, मग तो कोणत्या का बाजूचा असेना.

"म्हणजे तुम्हाला मराठी माणूस नको?" हा प्रश्न येणारच, म्हणून त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. मराठी माणूस खुर्चीत बसला की मराठी श्रोत्याचे भले होते, हा भ्रम इतिहासाने केव्हाच मोडला आहे. १९५२ ते १९६२ ही दहा वर्षे माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते बा. वि. केसकर. पुण्याचे. मंत्री खरे, पण त्या दशकात देशाचा खरा कार्यक्रम संचालक तेच होते असे म्हटले तरी चालेल. त्यांचे श्रेय त्यांना द्यायला हवे. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्या काळात, १९५२ला, सुरू झाला. रेडिओ संगीत संमेलन १९५४ला सुरू झाले. गावोगावच्या किती गवयांना आणि वादकांना त्यामुळे देशभर कान मिळाले. पण त्याच केसकरांनी लोकांची अभिरुची सुधारायची म्हणून सिनेगीतांवर कात्री चालवली, निर्मात्यांशी त्यांचे वाजले, आणि गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. मग श्रोत्यांनी काय केले? मुकाट्याने यमनकल्याण ऐकत बसले? त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. १९५२च्याच डिसेंबरात तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरांत गेला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू करून सरकारला आपला दरवाजा पुन्हा उघडावा लागला. पाच वर्षे एक अख्खा देश परक्या केंद्रावर आपलीच गाणी ऐकत होता, आणि हे घडवून आणणारा माणूस आपल्यातला होता.

त्याच्याही आधीचा पेटीचा किस्सा आपल्याला अधिक झोंबायला हवा. हार्मोनियम परदेशी, तिचे सूर ठोकळ, भारतीय संगीताला ती मारक, असे ठरवून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती १९७१च्या सुमारास सैल झाली. या काळात आपल्या भागात काय चालले होते? बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे पेटीवादक होते. रामभाऊंनी तर शिष्यांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. संगीत नाटक, कीर्तन, भजन, शाळेतली प्रार्थना यांतले काहीही आपल्याकडे पेटीवाचून झाले नाही. जे वाद्य आपल्या घरोघरी आईच्या मांडीइतके सवयीचे होते, ते तीस वर्षे आपल्याच रेडिओला अस्पृश्य होते. पेटीविरुद्धचे आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटे होते असे मी म्हणत नाही. श्रुतींचा प्रश्न खरा आहे. पण दिल्लीत बसून ठरवणाऱ्याने बेळगावच्या एखाद्या माडीवर येऊन एकदा कान दिला असता, तर हुकूम काढताना त्याचा हात थोडा तरी अडखळला असता. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणजे काय, ते हेच.

उंटावरून उतरलेलेही होते, हेही सांगितले पाहिजे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, आपला शेजारी कोल्हापूर त्यांत होता, सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे उभी केली. शेतीविषयी वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, ऐकल्यावर आपसांत बोलायचे, आणि अडलेला प्रश्न केंद्राला कळवायचा. त्याचे उत्तर पुढच्या एखाद्या कार्यक्रमात यायचे. पुढे या प्रयोगाची पद्धतशीर पाहणी झाली, मंडळे यशस्वी ठरली, आणि ही योजना देशभर नेण्यात आली. यात यंत्राची करामत काहीच नव्हती. होती ती एवढीच की आपला आवाज जाऊन परत येतो, ही खात्री गावाला मिळाली. ज्या केंद्राकडे श्रोत्याचा प्रश्न परत पोचत नाही ते केंद्र विहिरीत तोंड घालून ओरडणाऱ्यासारखे. त्याला आपलाच आवाज घुमून ऐकू येतो आणि वाटते, जग होकार देते आहे.

श्रोता कोण, हे ओळखण्याचे सर्वांत धारदार उदाहरण तर आपल्या उंबऱ्याशी घडले. १९५५च्या नोव्हेंबरात आंबोलीच्या रानातून एक गुप्त नभोवाणी सुरू झाली, गोव्याच्या स्वातंत्र्याचा आवाज. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे ती चालवत. पुढे तिचा मुक्काम कॅसलरॉकच्या बाजूला हलला. पाऊस, जळवा, जंगली जनावरे, आणि रोजचे प्रसारण, असे १९६१पर्यंत, सहा वर्षे. ते कोकणीत बोलत आणि पोर्तुगीजमध्येही बोलत. पोर्तुगीजमध्ये का? शत्रूची भाषा म्हणून ती टाकली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण ज्यांच्यापर्यंत पोचायचे त्यांच्यातले कितीक त्या भाषेत शिकले होते, तिच्यात वाचत होते, आणि खुद्द राज्यकर्त्यांच्या कानावरही सत्य घालायचे होते. म्हणून त्या दोघांनी दोन्ही भाषा वापरल्या. गोवा मुक्त झाल्याची वार्ता त्यांनी विमानातून, ध्वनिक्षेपक लावून, गोव्याच्या आभाळातून सांगितली. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या तरुण वाचकांतल्या अनेकांनी त्यांचे नाव प्रथम ऐकले असेल. त्यांच्याजवळ खुर्ची नव्हती, हुद्दा नव्हता, कार्यालय म्हणजे झाडाखालची जागा. कार्यक्रम संचालक म्हणून मला त्या दोघांहून मोठे कुणी दिसत नाही. ऐकणारा कोण आहे आणि त्याला काय कळणे गरजेचे आहे, हे दोन प्रश्न त्यांनी सहा वर्षे एक दिवसही नजरेआड केले नाहीत.

आणि आज? आज खुर्ची आहे, पण तिच्यात माणूस असतोच असे नाही. अनेक सरकारी केंद्रांवर पदे रिकामी आहेत, एकेका प्रभारी अधिकाऱ्याकडे दोन-तीन कामे आहेत, आवाज हंगामी निवेदकांचा आहे, आणि दिवसाचा मोठा भाग दुसरीकडून येणाऱ्या सहक्षेपणाने भरलेला आहे. २०२३च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा हुकूम निघाला. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून तो थांबला. पुण्याची ही गत, तर आडबाजूच्या केंद्रांची कड कोण घेणार? त्याच वर्षी सरकारने ऑल इंडिया रेडिओ हे नाव मागे ठेवून सगळीकडे 'आकाशवाणी' म्हणायचे ठरवले. नाव उत्तम आहे. ते आले कुठून, तर म्हैसुराहून. १९३५ साली मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी तिथे आपल्या राहत्या घरातून एक लहानसे केंद्र सुरू केले, त्याचे हे नाव. एका मास्तराने हौसेने, पदरमोड करून आपल्या गावासाठी लावलेला तो दिवा. नाव ठेवले आणि हौस घालवली, तर 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' यापलीकडे काय उरते?

खाजगी एफएमचे काही निराळे नाही. २००१ साली बंगळूरला पहिले केंद्र लागले तेव्हा वाटले होते की आता गावोगावचा आवाज येईल. आला तो एकाच साच्यातला. गाण्यांची यादी मुख्य कार्यालयात ठरते, संगणक ती फिरवतो, तीच ती गाणी दिवसातून चार वेळा आदळतात, आणि निवेदक गावातला असला तरी त्याच्या तोंडी गाव नसते. स्वतःच्या बातम्या द्यायला या केंद्रांना परवानगी नाही, ही अडचण खरी. पण गावातल्या गवयाला, पोथी सांगणाऱ्या बाईला, ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला बोलवायला कुणी मनाई केली आहे? सर्वोच्च न्यायालयाने १९९५च्या फेब्रुवारीत स्पष्ट सांगितले की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मालमत्ता आपली, आणि आपण मात्र कोपऱ्यातली अर्धा तास बसायची जागा मागत फिरतो.

"पण काका, आता रेडिओ ऐकतो कोण?" असेही त्या मुलांतल्या एकाने हसून विचारले होते. पहाटे दुधाची गाडी नेणारा ऐकतो. टाक्याला डोळे लावून बसलेला शिंपी ऐकतो. ज्यांचे डोळे अधू झाले त्या म्हाताऱ्या ऐकतात. मोबाइलवर आज अमेरिकेतल्या नातवालाही आपले केंद्र लागते. आणि खरोखरच कुणी ऐकत नसेल, तर तो अर्धा तास तरी कशाला मागायचा? लोकांनी रेडिओ सोडला असे आपण म्हणतो. रेडिओने लोकांना आधी सोडले, हा क्रम ध्यानात ठेवावा. जिथे सोडले नाही तिथली गोष्ट वेगळी आहे. हैदराबादकडच्या आपल्या वाचकांना जहीराबाद ठाऊक असेल. त्या बाजूच्या खेड्यांत २००८पासून संघम रेडिओ चालतो. दलित, शेतकरी बायका तो चालवतात. कोणते बियाणे टिकते, कोणते गाणे विसरत चालले आहे, कुणाला बोलवायचे, हे त्याच ठरवतात, त्यांच्या बोलीच्या तेलुगूत. त्यांना कुणी अभिरुची शिकवली नाही, आणि श्रोत्यांची मोजदाद करणारी कंपनीही त्यांच्या दारात आली नसेल. शेजारीण काय बोलते हे त्यांना ठाऊक आहे, आणि तेवढ्यावर केंद्र उभे आहे.

आता त्या मुलांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. त्यांचा म्होरक्या मला म्हणाला, "मिनिटे मोजता येतात. माणसाचा चांगुलपणा कसा मोजणार? सरकारकडे मोजता येईल तेच मागावे." मुद्दा बिनतोड वाटतो, आणि अर्धा खराही आहे. भाषिक अल्पसंख्याकांनी आपला हिस्सा मोजून घेतलाच पाहिजे, नाही तर उद्या तोही राहणार नाही. मी मिनिटांच्या विरुद्ध नाही. माझे म्हणणे इतकेच की मोजायचे तर माणसाचे कामही मोजता येते, आणि ते मागण्याचा आपल्याला तितकाच हक्क आहे.

निवेदनात हे लिहा. दुभाषी जिल्ह्याला कार्यक्रम ऐकवणाऱ्या केंद्रावर जो अधिकारी येईल, त्याला त्या जिल्ह्याच्या दोन्ही भाषा कानाने कळल्या पाहिजेत. त्याची नेमणूक निदान चार वर्षांची असावी, कारण वर्षभराची मालिका उभी करायला आधी वर्षभर माणसे हुडकावी लागतात, आणि ओळख होते न होते तोच बदलीचा हुकूम आला तर कुणाचे काय साधणार? महिन्यातून ठरावीक ध्वनिमुद्रणे स्टुडिओबाहेर, गावात, जत्रेत, देवळात, शिवारात व्हावीत, आणि त्यासाठी गाडी नि प्रवासखर्च मिळावा. मानधनाची तरतूद इतकी असावी की कलावंताला बसभाडे खिशातून घालावे लागू नये. आलेल्या पत्रांना आणि फोनवरच्या निरोपांना आठवड्यातून एकदा हवेतूनच उत्तर मिळावे, अधिकाऱ्याच्या स्वतःच्या आवाजात, नावानिशी. यातले प्रत्येक कलम मोजता येते. आणि ज्या अधिकाऱ्याला ही कलमे जाचतील, तो त्या खुर्चीला लायक नाही हेही आपोआप मोजून होईल.

एक कलम आपल्यासाठीही आहे, आणि ते कटू आहे. चांगला अधिकारी आलाच, तर आपण त्याला टिकू देतो का? एखाद्याने कन्नड आणि मराठी गवयांना एका कार्यक्रमात शेजारी बसवले, तर दोन्हीकडून निषेधाची पत्रे जातात. त्याने आपल्या लाडक्या संस्थेच्या अध्यक्षांचे भाषण कापले, तर आपणच वर तक्रार करतो. नवख्या पोराची कथा घेतली आणि आपली परत पाठवली, की तो 'मराठीद्वेष्टा' ठरतो. अशाने शहाणा माणूस पहिल्या सहा महिन्यांत घड्याळाकडे पाहायला शिकतो, आणि चौदा मिनिटे भरून घरी जातो. माझ्या कथेतला म्हातारा मधल्यामध्ये मेला, त्याला रजेच्या फोनवरचा अधिकारी जबाबदार होता. पण तसल्या अधिकाऱ्याला सोयीचे करून ठेवणारे आपणही आहोत.

तो कागद घेऊन आलेली मुले गुणी आहेत. पावसात भिजत दारोदार फिरणारी पोरे आजकाल कुठे दिसतात? त्यांनी दिवाळीनंतर पुन्हा यावे, चहा आहेच. 'अर्धा तास द्या' या ओळीच्या वर 'ऐकणारा अधिकारी द्या' ही ओळ आधी घालावी, आणि मग कागद माझ्यापुढे ठेवावा. पहिली सही माझी असेल.